तो सुटलेला झेल कुठल्या रकान्यात लिहायचा?

लेगबाय (धागाकर्ता)

ध्रुव जुरेलने अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्ध १२५ केल्या आणि आमच्या कट्ट्यावर लगेच निकाल लागला : "चला, पोरगा चांगला कीपर आहे." मी विचारलं, ते कसं काय? तर म्हणे, "शंभर मारल्या ना!"

यात हसण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. त्याच उन्हाळ्यात लॉर्ड्सवर आपला नेहमीचा कीपर ऋषभ पंत, त्याच्या बोटाला लागलं, जुरेल ऐनवेळी ग्लोव्हज चढवून स्टंपांमागे गेला. तिथे चेंडू बॅट ओलांडून गेल्यावरही हवेत डुलतो, भल्याभल्यांची तारांबळ उडते. तेव्हा हाच कट्टा काय म्हणत होता? "बाय फार गेल्या." (बाय म्हणजे बॅटला किंवा अंगाला न लागता कीपरला चुकवून गेलेल्या चेंडूवरच्या धावा.) सामना २२ धावांनी गेला, म्हणून तेवढं तरी लक्षात राहिलं.

मी स्वतः अठरा वर्षं स्टंपांमागे बसलो. मुंबईतल्या कांगा लीग, टाइम्स शील्ड या स्पर्धा आणि रविवारी जे मिळेल ते. उजव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. चहाचा कप धरला की ती आपली वेगळी उभी राहते, लोकांना वाटतं साहेबी थाट आहे.

कांगा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती भर पावसाळ्यात खेळतात. आझाद मैदानावर शेजारच्या सामन्याचा पॉइंट आपल्या स्लिपच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. विकेट ओली. एक चेंडू साबणासारखा सरपटत येतो, पुढचा त्याच टप्प्यावरून नाकाशी. अशाच एका मोसमात कर्णधार मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझं कीपिंग मस्तच आहे रे, पण सातव्या नंबरवर वीस-पंचवीस रन हवेत." माझे ग्लोव्हज आमच्या तिसऱ्या नंबरच्या बॅट्समनने घातले. माझेच, कारण त्याच्याकडे नव्हते. त्याने २३ केल्या. आमच्या ऑफस्पिनरच्या बोलिंगवर दोन स्टंपिंग सोडली, त्यातल्या एकाने पुढे सत्तरेक मारल्या. संध्याकाळी मी स्कोअरबुक उघडून बघितलं. त्याच्या नावापुढे २३. सुटलेल्या स्टंपिंगला रकानाच नाही.

तर मंडळी, कीपर कशावर निवडायचा? शिव्या चालतील. पंतभक्तांनी फक्त त्याने ब्रिस्बेनच्या गाबावर कसोटी जिंकून दिली तो व्हिडिओ डकवू नये. शंभरदा बघितलाय, आणि शंभरदा डोळे पुसलेत.

आकडेमोड

व्हिडिओ नको तर गणित घ्या.

ग्लोव्हजसाठी नावाजलेल्या वृद्धिमान साहाची कसोटी सरासरी २९.४१. पंतची चाळिशीच्या वर. फरक तेरा-चौदाचा धरा, दोन डावांचे झाले सव्वीस-अठ्ठावीस. एक बरा फलंदाज सुटला तर तो आणखी तीसेक करतो असं धरू. (हे माझं धरणं आहे, कुठला अभ्यास नाही.) म्हणजे पंतने साहापेक्षा प्रत्येक सामन्यात एक झेल जास्त सोडला, तर कुठे हिशेब फिटतो. तेवढे सोडतो का तो? नाही.

श्रीकर भरतचं तर विचारूच नका. हात देखणे, मान्य. पण ७ कसोटींत सरासरी २०.०९. पंतच्या तुलनेत दर सामन्याला चाळीसेक धावांचा खड्डा. तो भरायला भरतला पंतपेक्षा दीड झेल जास्त घ्यावे लागतील. एकाला जमतात आणि दुसऱ्याला जमत नाहीत असे दीड झेल दर सामन्यात येतात तरी का?

सिडनी, जानेवारी २०२१. पंतने ऑस्ट्रेलियाच्या पुकोव्स्कीला दोनदा सोडला, २६ वर आणि ३२ वर. तो ६२ वर गेला. तोटा ३६. त्याच सामन्यात चौथ्या डावात पंत, तोही कोपर सुजलेलं असताना : ९७. वजाबाकी तुम्हीच करा.

वऱ्हाडी_तर्री

आमच्या अमरावतीच्या पोट्ट्याला विसरले का बाप्पा? जितेश शर्मा. लखनौले २२८ पाठलाग करताना ३३ चेंडूंत नाबाद ८५, मे २०२५. त्याचं कीपिंग कोन पाह्यलं? कोनीच नाही. ट्वेंटी-ट्वेंटीत कीपर म्हंजे ग्लोव्हज घातलेला फिनिशर, विषय संपला.

पन रणजीत वेगळं हाय. अक्षय वाडकर. २०१७-१८ ची फायनल, इंदूर, दिल्लीविरुद्ध १३३. विदर्भाचा पहिला रणजी करंडक. अन् कोच कोन? चंद्रकांत पंडित. तो स्वतः कीपर. आता कीपरने निवडलेला कीपर शतक मारते, तर तुमचा वादच कुठं राह्यला?

लेगबाय

आकडेमोड, वजाबाकी केली. पण तुमच्या गणितात सुटलेला माणूस नेहमी तीसच करतो. तो कोण आहे हे गणिताला ठाऊक नसतं.

लॉर्ड्स, १९९०. संजीव शर्माची बोलिंग, गूच ३६ वर, झेल किरण मोरेच्या हातातून गेला. गूच किती? ३३३. एका झेलाची किंमत २९७, वर दुसऱ्या डावात १२३ केल्या ते वेगळंच. कपिलने हेमिंग्जला ओळीने चार षटकार मारून फॉलोऑन वाचवला, पण सामना २४७ धावांनी गेला.

दुसरं, गणितात न येणारं. स्पिनरला मागे कोण बसलाय हे माहीत असतं. मद्रास, जानेवारी १९८८. नरेंद्र हिरवाणीचा पहिलाच कसोटी सामना, १३६ धावांत १६ बळी. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात मागे मोरेने ६ स्टंपिंग केली, त्यातली ५ दुसऱ्या डावात. दोन्ही विश्वविक्रम. धूळ उडवणारी विकेट आणि रिचर्ड्सची माणसं पुढे येऊन हाणायला बघत होती. मागे कामचलाऊ कीपर असता आणि पहिली दोन स्टंपिंग सुटली असती, तर एकोणीस वर्षांचा तो पोरगा चेंडू हवेत सोडत राहिला असता? हात आखडता घेतला असता. टप्पा आखूड पडला असता. मग १६ चे ६ झाले असते, आणि आपण म्हटलं असतं, बरा होता, चालला नाही.

आकडेमोड

थांबा थांबा. गूचला सोडणारा मोरे आणि सहा स्टंपिंग करणारा मोरे एकच ना? म्हणजे तुमचा अस्सल ग्लोव्हजवालाही २९७ ची चूक करतो. मग त्याला घेऊन मिळालं काय?

लेगबाय

मिळाले ते १६ बळी.

बाकी तुमचा टोला लागला. नाकारत नाही.

शिवाजीपार्क_कट्टा

वाद जुना आहे पोरांनो, तुम्हाला वाटतो तेवढा नवा नाही.

माझे वडील नरेन ताम्हाणेला बघायला ब्रेबॉर्नवर जात. म्हणत, त्याच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू पडल्याचा आवाजच येत नसे. २१ कसोटी, ५१ बळी, त्यातली १६ स्टंपिंग, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. आजच्या कुठल्याही कीपरचं हे प्रमाण काढून बघा. समोरून सुभाष गुप्ते टाकत असे, दोन्ही बाजूंनी वळवणारा. फलंदाजाला जे ओळखू येत नसे ते ताम्हाणेला ओळखावंच लागे. आणि बॅटिंगची सरासरी? १०.२२. आज या सरासरीवर त्याला जिल्ह्याच्या संघातही कुणी घेणार नाही.

त्याच्या आगेमागे किती जण आले-गेले बघा. प्रबीर सेन, पुण्याचे नाना जोशी, आणि माधव मंत्री, म्हणजे आपल्या गावसकरचा मामा. मंत्री बॅटिंगही करत, म्हणून १९५२ ला लीड्सवर त्यांना वर पाठवलं. ट्रूमनपुढे आपण शून्यावर चार. त्या चारांत मंत्री होते. कीपर फलंदाज म्हणून वर पाठवला की काय होतं त्याचा तो नमुना म्हणा, पण उरलेले तिघे तर नुसते फलंदाजच होते आणि त्यांचंही तेच झालं, तेव्हा ते सोडा.

खरी मजा पुढे. १९६४ ची इंग्लंडविरुद्धची मालिका. बुधी कुंदरनने मद्रासला १९२ ठोकल्या, मालिकेत ५२५. कीपरने! आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आली तेव्हा स्टंपांमागे कोण? इंद्रजितसिंहजी. ५२५ धावा करून माणूस बाहेर. म्हणजे एके काळी आपल्या निवड समितीने ग्लोव्हजकडे बघूनही निर्णय घेतले आहेत. (चांगले की वाईट, ते मला विचारू नका. मला कुंदरन आवडायचा.) हाच कुंदरन पहिली कसोटी खेळायला आला तेव्हा त्याच्याकडे धड ग्लोव्हज नव्हते, ज्याच्या जागी तो आला त्या ताम्हाणेनेच आपले दिले, असं सांगतात. लेगबाय, तुमचे ग्लोव्हज नेले त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका.

मग फरोख इंजिनिअर. वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रासला १९६७ साली, समोर हॉल आणि ग्रिफिथ, उपाहाराला नाबाद ९४. तो बेदी-चंद्रा-प्रसन्नालाही उत्तम सांभाळायचा. दोन्ही जमणारा मिळाला की वाद आपोआप मिटतो. पण असा माणूस पिढीत एखादा जन्मतो, आणि निवड दर सहा महिन्यांनी करावी लागते.

तिसरी_स्लिप

काकालोक, ताम्हाणे-गुप्ते सगळं मान्य. पण तुम्ही २००१ विसरताय.

वानखेडे. ऑस्ट्रेलिया ५ बाद ९९. मी आठ वर्षांचा, बाबांच्या मांडीवर, सगळं स्टेडियम नाचत होतं. मग त्यांचा कीपर गिलख्रिस्ट आला. ११२ चेंडूंत १२२. हेडनबरोबर दोनशेच्या जवळ भागीदारी. तीन दिवसांत सामना खलास. त्या दिवसापासून जगात प्रत्येक देशाला गिलख्रिस्ट हवा झाला, आणि त्याच्या आधीच्या हीलीसारखे, आधी ग्लोव्हज मग बॅट असे बिचारे कीपर संपले.

आता कुणीतरी म्हणेलच की पुढे कोलकात्यात तो दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर गेला आणि चेन्नईत १ आणि १. हो, गेला. पण त्याच चेन्नईच्या सामन्यातला आपला कीपर कशासाठी आठवतो? समीर दिघे, मुंबईचा, पहिलाच कसोटी सामना. १५५ चा पाठलाग, एकामागून एक विकेटा पडतायत, आणि हा एका बाजूला नाबाद २२. आपण दोन गडी राखून जिंकलो, मालिका जिंकली. दिघेने त्या सामन्यात किती झेल घेतले, सांगा बरं, गूगल न करता?

आणि धोनी. बॅटिंगच्या जोरावर आला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सगळ्यात जास्त, १९५, स्टंपिंग करून गेला. ब्रेबॉर्नवर २०१८ मध्ये कीमो पॉलला उडवला तेव्हा घड्याळात ०.०८ सेकंद. पुस्तक म्हणतं चेंडूबरोबर हात मागे न्या. त्याने हात मागे नेलेच नाहीत, घेता घेताच स्टंपांकडे. बॅटिंगवाल्याला कीपिंग शिकवता येतं. ताम्हाणेला चाळीसची सरासरी शिकवता येत नाही.

डर्बीकर

डर्बीशायरहून नमस्कार. गेली बावीस वर्षं इथे आहे, त्यामुळे या धाग्यावर बॉब टेलरचं नाव येईपर्यंत मला झोप लागणार नव्हती. आमच्या काउंटीचा माणूस. प्रथम श्रेणीत १६४९ बळी, जगात कुणाचेच एवढे नाहीत. कसोटी सरासरी १६.२८.

१९७१ ला पहिली कसोटी खेळला आणि दुसरी मिळायला १९७७ उजाडलं, तेही ॲलन नॉट पॅकरच्या बंडखोर क्रिकेटकडे गेला म्हणून. पण टेलरला डावलून घेतलेला नॉट हा काही कामचलाऊ नव्हता. सरासरी ३२.७५ आणि मागेही अव्वल. इथले म्हातारे अजून पबमध्ये यावर भांडतात. मी मध्ये बोलत नाही. मला तीनदा घरी सोडायला त्यांचीच गाडी लागली आहे.

आता तुमच्या मुंबईकडे या. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. पहिल्या डावात टेलरचे ७ झेल, सामन्यात १०, तेव्हाचा विश्वविक्रम. पण गंमत त्यात नाही. इंग्लंड ५ बाद ५८. टेलर आणि बोथम खेळत होते आणि कपिलच्या चेंडूवर टेलरला किरमाणीकडे झेल म्हणून बाद दिलं. टेलर घुटमळला. कर्णधार विश्वनाथ स्लिपमध्ये होता, त्याने अंपायरशी बोलून टेलरला परत बोलावलं. त्या जोडीने १७१ जोडल्या. बोथम ११४, टेलर ४३. इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं.

म्हणजे बघा, जगातला सगळ्यात शुद्ध ग्लोव्हजवाला, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कीपिंगचा सामना, आणि आपल्याकडे तो आठवतो कशासाठी? त्याने केलेल्या ४३ धावांसाठी आणि विश्वनाथच्या मोठेपणासाठी.

अवांतर : २०२३ च्या ॲशेसला, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेला, अस्सल कीपर बेन फोक्सला बाहेर ठेवून बेअरस्टोला आणलं, पाय मोडून नुकताच उभा राहिलेला. एजबॅस्टनला त्याच्याकडून एकामागून एक संधी गेल्या. इंग्लंड दोन गड्यांनी हरलं. इथल्या रेडिओवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मग लॉर्ड्सवर क्रीज सोडून फिरायला निघाला आणि कॅरीने त्याचीच दांडी उडवली. कीपरनेच कीपरला!

गहुंजे_गेट

साहाबद्दल आकड्यांवर बोलणाऱ्यांनी एकदा पुण्याच्या गहुंजे स्टेडियमला येऊन बसायला हवं होतं. आमच्या स्टेडियमला स्टँडवर छप्पर नाही, फेब्रुवारीतच टाळू भाजते. २०१७, ऑस्ट्रेलिया. ओकीफची कड लागली, बोलर आपला उमेश. आमच्या बाजूने आधी नुसती धूळ दिसली. साहा उजवीकडे आडवा होऊन पहिल्या स्लिपच्या पुढ्यातून चेंडू उचलून उठला तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी टोपी काढली. एवढ्या उन्हात.

तो सामना आपण ३३३ धावांनी हरलो आणि त्याच ओकीफने १२ बळी घेतले, हे खरं. पण २०१९ ला पुन्हा तिथेच, पुन्हा उमेश, या वेळी डी ब्रुयन, लेगला. चेंडू थायपॅडजवळून निसटला तेव्हा चौकार म्हणून मी खाली वाकून पाण्याची बाटली उचलत होतो. वर बघितलं तर लोक उड्या मारतायत. एक डाव आणि १३७ धावांनी जिंकलो. अशा विकेटवर बोलरच्या नावापुढे बळी लागतो, खरं तर निम्मा कीपरला द्यायला हवा. उमेश स्वतःही नाही म्हणणार नाही.

आकडेमोड

गहुंजे, भावना पोचल्या.

लेगबायच्या बाजूने एक आकडा देतो, निष्पक्षपणा म्हणून. संगकारा, कीपिंग करताना कसोटी सरासरी ४०.४८. ग्लोव्हज काढल्यावर ६६.७८. म्हणजे श्रीलंकेने त्याला मागे बसवून प्रत्येक डावात पंचवीसच्या वर धावा गमावल्या. ॲलेक स्टुअर्टचंही तसंच, ३४.९२ आणि ४६.७०. दिवसाला ९० षटकं, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास बैठका. मग त्याच पायांनी नव्या चेंडूपुढे उभं राहायचं. 'फलंदाजालाच ग्लोव्हज द्या' हा उपाय फुकटचा नाही, एवढं मी मान्य करतो. २०२३ विश्वचषकात राहुल बसला ते मधल्या फळीत यायचा म्हणून खपलं. सलामीवीराला बसवून बघा.

तिसरी_स्लिप

द्रविड विसरलात. २००३ विश्वचषक, पूर्ण स्पर्धा द्रविड मागे, त्यामुळे कैफ-युवराज दोघं खेळले आणि आपण फायनलला गेलो. संघासाठी त्याने केलं. आवडीने केलं असेल असं मात्र चेहऱ्यावरून वाटायचं नाही.

बदलापूर_लोकल

मला क्रिकेटचं फार कळत नाही, दोन दिवस नुसती वाचतेय. माझी लेक तेरा वर्षांची आहे. कीपिंग करते, स्वतःहून. अकॅडमीतले सर म्हणतात, "तिला आधी बॅटिंग वाढवू द्या, कीपिंग मागून येतं." ती ऐकत नाही. रात्री जेवण झालं की जिन्याखालच्या भिंतीवर टेनिस बॉल मारून झेलत बसते. तळमजल्यावरच्या काकूंनी दोनदा सोसायटीत तक्रार केलीय. सरांचं ऐकायला लावू की काकूंचं ऐकून घेऊ?

लेगबाय

ताई, काकूंना एक डबा पुरणपोळ्या पाठवा आणि बॉल चालू ठेवा.

काही गोष्टी सांगतो, त्या सरांनी सांगितल्या असतील तर सोडून द्या. ग्लोव्हज 'पुढच्या वर्षीही होतील' म्हणून मोठे घेऊ नका, तो शाळेचा गणवेश नाही. आतला पातळ जोड वेगळा मिळतो, तो घालायच्या आधी किंचित ओला करायचा, हात सरकत नाही. बोटं कायम जमिनीकडे, चेंडूकडे रोखायची नाहीत. रोखली की माझी करंगळी. टप्पा पडेपर्यंत बूड खालीच ठेवायचं, चेंडू उठला की त्याच्याबरोबर उठायचं. आधी उठला तो गेला, कारण खालून वर येणारे हात चुकीला माफी देतात, वरून खाली येणारे देत नाहीत. आणि स्पिनर असेल तेव्हा हेल्मेट घालून स्टंपांना चिकटून, लाजायचं नाही.

लेगसाइड घेणं सगळ्यात अवघड. चेंडू बॅट्समनच्या अंगाआड जातो आणि पापणी लवेपर्यंत दिसतच नाही. तेवढ्यात हात कुठे न्यायचे हे डोळ्याने कळत नाही, ते पायांना कळावं लागतं. म्हणून आधी पाय हलवायचे, मग हात. भिंतीवर मारताना बॉल मुद्दाम डावीकडे मारायला सांगा, आणि डाव्या हाताने झेलायला.

आता जे लिहिणं जिवावर येतंय ते. सर चुकत नाहीयेत. निवडीच्या दिवशी कीपरला दहा-बारा चेंडू मागे मिळतात, त्यात काही दिसत नाही. बॅटिंगमधल्या वीस धावा दिसतात. नवी मुंबईच्या विश्वचषक फायनलला रिचा घोषने २४ चेंडूंत ३४ मारल्या, त्या तुमच्या मुलीनेही पाहिल्या असतील. तिलाही बॅट हातात घेऊ दे, रोज अर्धा तास. मी घेतली नाही. मला वाटायचं, हात बोलतील. हात बोलत नाहीत ताई, स्कोअरबुक बोलतं.

आकडेमोड

लेगबाय, हे स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

लेगबाय

ठेवा. तरी कसोटीत, आपल्या देशात, वळणाऱ्या विकेटवर मी साहासारख्यालाच घेणार.

वऱ्हाडी_तर्री

हाव, अन् परदेशात?

लेगबाय

परदेशात पंत. डोळे पुसायला रुमाल सोबत.

शिवाजीपार्क_कट्टा

मग एवढे दिवस भांडत कशाला होतात?

बदलापूर_लोकल

तीन आठवड्यांनी परत येतेय. रविवारी तिचा सामना होता, उल्हासनगरच्या एका मैदानावर. तिने ११ केल्या, एक चौकार. सरांनी ग्रुपवर त्या चौकाराचा फोटो टाकला. कीपिंगचा एकही नाही, पण मीच काढले नव्हते म्हणा, माझं लक्ष डब्यांकडे होतं.

तिने हा धागा सगळा वाचला. वहीत तिने स्वतःचा तक्ता आखलाय. झेल, स्टंपिंग, बाय आणि शेवटी एक जाड रेघ मारून 'सुटले'. रविवारच्या ओळीत झेल १, स्टंपिंग १, सुटले १. सुटलेल्याच्या पुढे तिने लिहिलंय "आधी उठले". बाय ४.

लेगबाय

चारही एकाच चेंडूवर?

बदलापूर_लोकल

हो, लेगला. ती म्हणते पूर्ण पसरून आडवी झाली तरी बोटाला लागला नाही.

लेगबाय

मग तो वाइड आहे! पूर्ण पसरून हात पोचत नाही तिथे कीपरचा काय दोष. त्या चार धावा बायच्या नाहीत, चार आणि एक अशा पाच वाइडच्या. तिला म्हणावं, खोडून टाक. आणि त्या अंपायरला माझा निरोप द्या की डोळे तपासून घ्या.

बदलापूर_लोकल

अंपायर तिचे बाबाच होते.